श्वास आणि नोंदवही : बालवयातील हवेचा फुप्फुसांवरील परिणाम कसा ओळखला गेला

१

इ. स. १९५२ च्या डिसेंबर महिन्यात, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, लंडन शहरावर धूर आणि धुके यांचे जे दाट आवरण पसरले, त्याची हकीकत सुपरिचित आहे. त्या दिवसांत व त्यानंतर लगेच झालेल्या अधिक मृत्यूंची संख्या प्रथम सुमारे ४,००० धरण्यात आली. पुढे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फेरतपासणीत, फेब्रुवारी १९५३ पर्यंतचे मृत्यू हिशेबात घेऊन, ती सुमारे १२,००० असावी असे प्रतिपादन करण्यात आले. मृतांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते. एक वर्षाच्या आतील अर्भकांच्या मृत्यूंची संख्याही त्या आठवड्यात जवळजवळ दुप्पट झाली होती. ही सर्व मोजदाद मृतांची होय. ज्या अर्भकांना मृत्यू आला नाही, जी चार-पाच दिवस खोकली, कण्हली आणि हवा निवळल्यावर पुन्हा दूध पिऊ लागली, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रसिद्ध झाला तो २०१६ साली, म्हणजे साठांहून अधिक वर्षांनी.

हा विलंब का झाला, याचा विचार करणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे. बालपणी श्वसलेल्या हवेचा परिणाम फुप्फुसांवर आयुष्यभर टिकतो, ही कल्पना आज सामान्य वाचकासही ठाऊक असते. परंतु ती सिद्ध कशी झाली हे पाहू गेल्यास असे आढळते की, तिच्या मागे एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेतील शोध नाही. परिचारिका, सुईणी, नोंदणी अधिकारी आणि सर्वेक्षक यांनी निराळ्याच हेतूंनी लिहून ठेवलेल्या नोंदवह्या आहेत. आणि त्या नोंदवह्यांत आजारास कोणते नाव दिले गेले, यावर पुढे काय दिसणार आणि काय दिसणार नाही हे बव्हंशी ठरले आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. त्याचा विषय भाषाशास्त्र हा आहे. तथापि नावे आणि नोंदी यांचा हा इतिहास असल्यामुळे त्याकडे भाषेच्या अभ्यासकाने लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

२

लंडनच्या धुराविषयी तक्रार जुनी आहे. जॉन ईव्हलिन याने १६६१ साली दुसऱ्या चार्ल्स राजास उद्देशून लिहिलेल्या ‘फ्यूमिफ्यूजियम’ या पुस्तिकेत दगडी कोळशाच्या धुराचे दुष्परिणाम वर्णिले, आणि धूर ओकणारे व्यवसाय शहराबाहेर न्यावेत, शहराभोवती सुगंधी झाडे लावावीत, अशी सूचना केली. लंडनमध्ये मरणाऱ्यांचा मोठा भाग छातीच्या विकारांनी मरतो असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या पुढच्याच वर्षी जॉन ग्राँट याचा मृत्युपत्रकांवरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. ग्राँटने जन्ममृत्यूंची साप्ताहिक पत्रके गोळा करून त्यांची बेरीज-वजाबाकी मांडली. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ येथून मानण्याची प्रथा आहे. त्याच्या अनुमानाप्रमाणे लंडनमध्ये जन्मलेल्या १०० मुलांपैकी ३६ मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच मरत. लंडन पूर्वीपेक्षा अधिक रोगट झाले असावे, आणि त्याचे मुख्य कारण कोळशाचा वाढलेला वापर असावे, असाही तर्क त्याने केला.

ग्राँटपुढे बालमृत्यूचे आकडे होते आणि धुराविषयीचा संशयही होता. मग या दोहोंची सांगड तो का घालू शकला नाही? याचे उत्तर त्या पत्रकांच्या भाषेत आहे. मृत्यूचे कारण सांगण्याचे काम ‘शोधणाऱ्या’ म्हणून नेमलेल्या वृद्ध स्त्रियांकडे असे. त्या घरी जाऊन प्रेत पाहत, विचारपूस करीत आणि एक नाव सांगत. मुलांच्या बाबतीत ही नावे ‘नवजात व तान्ही’, ‘दात व जंत’, ‘आकडी’ अशा प्रकारची होती. यांतील पहिले नाव हे रोगाचे नसून वयाचे आहे. दुसरे, त्या वयात सर्वच मुलांना जे होते त्याचे आहे. तिसरे, मरणाच्या अगोदर दिसलेल्या अखेरच्या लक्षणाचे आहे. ‘फुप्फुसे वर चढणे’ अशा अर्थाचेही एक नाव पत्रकांत आढळते आणि त्याच्या अर्थाविषयी ग्राँट स्वतःच साशंक होता. मूल खोकून, धाप लागून मेले की आणखी कशाने, हे ज्या शब्दांतून कळतच नाही, त्या शब्दांची कितीही काळजीपूर्वक बेरीज केली तरी उत्तर मिळणे शक्य नव्हते. ग्राँटचे गणित चुकले नव्हते. त्याच्या हाती आलेले शब्दच अपुरे होते.

ही उणीव ओळखून तिच्यावर उपाय योजण्याचे श्रेय विल्यम फार यास द्यावे लागेल. इंग्लंड आणि वेल्स येथे नागरी नोंदणी १८३७ साली सुरू झाली आणि फार लवकरच त्या खात्यात रुजू झाला. एकाच रोगास तीन-चार नावे आणि एकाच नावाखाली तीन-चार रोग अशी स्थिती असताना आकडे निरर्थक ठरतात, हे त्याने आरंभीच सांगितले. भौतिक शास्त्रांत वजने व मापे यांना जे महत्त्व, तेच या शास्त्रात परिभाषेला आहे, अशी त्याची भूमिका होती. श्वासनलिकांच्या दाहास ‘ब्राँकायटिस’ हे नाव चार्ल्स बॅडहॅम याने १८०८ साली दिले होते. फारच्या वर्गीकरणामुळे अशी नावे नोंदणी कचेऱ्यांत स्थिरावली. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्या-जिल्ह्यांतील बालमृत्यू ‘ब्राँकायटिस’ आणि ‘न्यूमोनिया’ या सदरांखाली वेगळे काढता येऊ लागले होते. त्याचा उपयोग कसा झाला ते पुढे येईल.

३

रोगास नाव मिळाले तरी हवेस योग्य नाव मिळालेले नव्हते. लंडनच्या हिवाळी काळोखास लोक ‘धुके’ म्हणत. धुके निसर्गनिर्मित असते आणि त्यास कोणी जबाबदार धरला जात नाही. पाऊस, थंडी यांच्याप्रमाणेच ते सोसावयाचे असते. धूर मात्र कोणाच्या तरी चुलीतून, भट्टीतून निघतो. या दोन शब्दांची मोडतोड करून इंग्रजीत ‘स्मॉग’ हा जोडशब्द तयार झाला. कोळशाच्या धुराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे डॉ. डे व्हो यांनी १९०५ साली एका निबंधात तो वापरला आणि तेथून तो प्रचारात आला. शब्द थट्टेसारखा वाटतो खरा, परंतु त्यामुळे निसर्गाच्या नावावर जमा होणारी गोष्ट माणसाच्या नावावर आली.

मराठीच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट सहज जाणवेल. संस्कृत ‘धूम’ आणि ‘धूमिका’ यांच्या कुळाशी आपल्या ‘धूर’, ‘धुई’, ‘धुके’ या शब्दांचे नाते सांगितले जाते. म्हणजे इंग्रजीने जे दोन शब्द ओढून-ताणून एकत्र आणले ते आपल्याकडे मुळातच भावंडे आहेत. अलीकडे वृत्तपत्रांनी रूढ केलेला ‘धुरके’ हा शब्द म्हणूनच कानास परका वाटत नाही. मात्र शब्दांतील या जवळिकीचा आपण काही उपयोग करून घेतला असे दिसत नाही. हिवाळ्यातील सकाळी शहरावर जे तरंगते त्यास ‘आज धुके पडले आहे’ असेच आपण अजूनही सहजपणे म्हणतो.

१९५२ च्या आपत्तीनंतर ब्रिटनमध्ये चौकशी समिती नेमली गेली आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. हा कायदा मृतांच्या आकड्यांनी घडवून आणला. मृत्यू आठवड्यांनी मोजता येतो आणि त्याचा आलेख हवेच्या आलेखाशेजारी ठेवता येतो. परंतु वाढत्या फुप्फुसास झालेली इजा मोजावयाची, तर एकाच मुलास जन्मापासून पुढे वीस, चाळीस, साठ वर्षे नजरेखाली ठेवावे लागते. असे कोणी करीत होते काय?

४

योगायोगाने, होय. १९४६ साली मार्च महिन्यात, ३ ते ९ या तारखांत, इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथे जन्मलेल्या मुलांच्या मातांची एक पाहणी करण्यात आली होती. तीत १३,६८७ मातांच्या मुलाखती झाल्या. पाहणीचा हेतू हवेशी संबद्ध नव्हता. जन्मप्रमाण घटत आहे याची त्या काळी चिंता होती, आणि बाळंतपणाचा खर्च व त्या वेळी मिळणारी मदत यांची माहिती हवी होती. पाहणी संपल्यावर तिचे प्रमुख जेम्स डग्लस यांनी त्यांतील ५,३६२ मुलांचा पाठपुरावा चालू ठेवला. आरोग्यसेविका घरी जात, मुलास कोणते आजार झाले, इस्पितळात ठेवावे लागले काय, हे मातेस विचारून लिहून घेत. ही मुले सात वर्षांची होत आली तेव्हा लंडनचा तो डिसेंबर उगवला.

डग्लस आणि वॉलर यांनी १९६६ साली या नोंदींचा हवेच्या दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. मूल जेथे वाढले त्या भागातील घरगुती कोळशाच्या वापरावरून त्यांनी धुराच्या चार पायऱ्या ठरविल्या आणि ३,८६६ मुलांची त्यांत विभागणी केली. निष्कर्ष दोन भागांत आला. नाक, घसा, टॉन्सिल अशा वरच्या श्वसनमार्गाच्या आजारांचा धुराच्या पायरीशी काहीच संबंध आढळला नाही. छातीतील, म्हणजे खालच्या श्वसनमार्गाच्या, आजारांचा संबंध मात्र स्पष्ट होता. धूर जितका अधिक तितके ते आजार अधिक वेळा व अधिक तीव्र होत. हा फरक मध्यमवर्गीय आणि कामगार या दोन्ही वर्गांत सारखाच होता, आणि मुले शाळा सोडण्याच्या वयास येईपर्यंत तो टिकला.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. समजा, १९४६ च्या त्या आरोग्यसेविकांच्या तक्त्यात ‘खोकला व सर्दी’ असे एकच सदर असते. वरचे आणि खालचे आजार एकत्र मोजले गेले असते, वरच्या आजारांची संख्या नेहमीच फार मोठी असल्यामुळे खालच्या आजारांतील फरक तीत बुडून गेला असता, आणि हवेचा परिणाम अत्यल्प आहे असा निर्वाळा देऊन मंडळी मोकळी झाली असती. तो निर्वाळा अप्रामाणिक ठरला नसता, केवळ खोटा ठरला असता. तीनशे वर्षांपूर्वी ग्राँटचे जे झाले तेच पुन्हा झाले असते. तक्त्यातील एका उभ्या रेघेचे महत्त्व यापेक्षा अधिक स्पष्ट करणारे उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

५

दुसरी नोंदवही याहून जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी, १८९९ ते १९०२ या काळात, सैन्यात भरती होण्यास आलेले ब्रिटिश तरुण मोठ्या संख्येने शरीराने अपात्र ठरले. राष्ट्राची शारीरिक अवनती होत आहे काय, याची चौकशी करणाऱ्या समितीने १९०४ साली आपला अहवाल दिला. पुढच्या पिढीची काळजी जन्मापासूनच घेतली पाहिजे, हा विचार त्या सुमारास बळावला. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड यांनी १९११ पासून सुईणी व आरोग्यसेविका यांच्याकरवी प्रत्येक जन्माची नोंद ठेवण्याची व्यवस्था केली. बालकाचे जन्माच्या वेळचे वजन, त्यास अंगावर पाजले की बाटलीने, पहिल्या वर्षात झालेले आजार आणि वर्ष पूर्ण झाल्यावरचे वजन, इतक्या गोष्टी मोठ्या वह्यांत हाताने लिहिल्या जात. नोंदींचा हेतू त्या-त्या मुलाची काळजी घेणे एवढाच होता. मूल मोठे झाले की ती ओळ निरुपयोगी ठरे. या वह्या तरीही जपल्या गेल्या.

साउदॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी क्लाइव्ह ऑस्मंड यांनी १९८६ साली फारच्या परंपरेतील जिल्हावार मृत्युनोंदी वापरून एक तुलना प्रसिद्ध केली. इंग्लंड आणि वेल्समधील ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात ब्राँकायटिस व न्यूमोनियाने अर्भके अधिक मेली होती, त्याच भागांत १९५९ ते १९७८ या काळात जुनाट ब्राँकायटिसने प्रौढही अधिक मेले, असे तीत दिसून आले. परंतु ही तुलना प्रदेशांची होती, व्यक्तींची नव्हती. त्यासाठी एकेका माणसाच्या बालपणाची नोंद हवी होती. बार्कर यांनी देशभर जुन्या नोंदींचा शोध घेतला आणि त्या शोधात हर्टफर्डशायरच्या वह्या हाती आल्या.

या वह्यांवर आधारलेला १९९१ चा अभ्यास १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,७१८ पुरुषांविषयी आहे. त्यांपैकी हयात व त्याच परगण्यात राहणाऱ्या ८२५ पुरुषांना शोधून काढून, एका सेकंदात ते किती श्वास जोराने बाहेर सोडू शकतात हे मोजण्यात आले. ही मंडळी आता साठी-सत्तरीची होती. जन्मवजनाच्या प्रत्येक पौंडामागे त्यांच्या श्वासाची क्षमता सरासरीने ०.०६ लिटरने अधिक भरली. आणि ज्यांच्या नावापुढे पहिल्या वर्षात ‘ब्राँकायटिस’ किंवा ‘न्यूमोनिया’ असा शब्द लिहिलेला होता, त्यांची क्षमता इतरांहून सरासरीने ०.१७ लिटरने कमी होती. धूम्रपान, वय, सामाजिक वर्ग हे सर्व जमेस धरूनही हा फरक उरला. कोण्या एका आरोग्यसेविकेने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात लिहिलेला एक शब्द सुमारे साठ वर्षांनी त्या माणसाच्या छातीत मोजता आला.

६

येथवरचे विवेचन वाचून निष्कर्ष सिद्ध झाला असे वाटण्याचा संभव आहे. तथापि दोन गंभीर आक्षेप ध्यानात घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप १९४६ च्या गटानेच उभा केला. ही मुले वीस वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा पाहणी झाली, आणि कॉली, डग्लस व रीड यांनी १९७३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोकल्याशी सर्वांत मोठा संबंध तरुणांच्या स्वतःच्या धूम्रपानाचा होता. त्याखालोखाल वयाच्या पहिल्या दोन वर्षांत झालेल्या छातीच्या आजाराचा. बालपणीच्या हवेचा प्रत्यक्ष संबंध मात्र फारसा उरला नव्हता. म्हणजे हवेने आजार आणला आणि आजाराने खूण ठेवली असे म्हणावे, तर साखळीतील पहिली कडी विशीत क्षीण झालेली दिसत होती.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. बालपणीच्या न्यूमोनियाने फुप्फुस दुबळे झाले, की मुळातच दुबळ्या फुप्फुसामुळे न्यूमोनिया झाला? अमेरिकेतील टूसॉन येथे १९८० पासून १,२४६ नवजात बालकांचा अभ्यास सुरू करण्यात आला होता. त्यांपैकी काहींच्या श्वसनाची मोजणी कोणताही आजार होण्यापूर्वीच करून ठेवलेली होती. फर्नांडो मार्टिनेझ व सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखविले की, ज्या बालकांना पुढे घरघर होणारे आजार झाले त्यांच्यापैकी पुष्कळांची श्वसनक्षमता आधीपासूनच कमी होती.

या आक्षेपांमुळे प्रश्न नाहीसा झाला नाही. तो मागे सरकला. जन्माच्या वेळीच फुप्फुस उणे असेल तर ते गर्भावस्थेत उणे राहिले असले पाहिजे, आणि गर्भावस्थेतील हवा म्हणजे मातेच्या श्वासातील हवा. फुप्फुसाच्या रचनेकडे पाहिल्यास हे समजणे सोपे जाते. श्वासनलिकेच्या फांद्यांची मांडणी गर्भावस्थेच्या सुमारे सतराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. त्यानंतर फांद्या लांब व रुंद होतात, नव्या फुटत नाहीत. ज्या वायुकोशांतून प्राणवायू रक्तात जातो ते गर्भावस्थेच्या अखेरीस तयार होऊ लागतात आणि त्यांपैकी बहुसंख्य जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडतात. प्रौढ माणसात त्यांची संख्या सरासरीने ४८ कोटींच्या घरात असते. शिवाय बालक आपल्या वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा अधिक हवा आत घेते. घराचे बांधकाम चालू असतानाच ज्या हवेत विटा भाजल्या जातात ती हवा घराच्या भिंतीत राहते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विसाव्या वर्षीच्या फुप्फुसाची क्षमता हे जणू आयुष्यभराचे भांडवल होय. त्यानंतर ती प्रत्येकाचीच हळूहळू घटत जाते. दीर्घकालीन श्वासरोधाचे सुमारे निम्मे रुग्ण असे असतात की ज्यांची क्षमता चाळिशीपूर्वीच कमी होती, म्हणजे ज्यांचे भांडवलच तोकडे होते, असे पेटर लांगे व सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखविले. ही घसरण वेगाने झाली नसली तरी ते रोगाच्या उंबरठ्यावर इतरांच्या अगोदर पोहोचले. विशीत जो परिणाम नजरेस येत नाही तो साठीत का दिसतो, याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

७

हवेची कडी पुन्हा बळकट केली ती दक्षिण कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांच्या अभ्यासाने. १९९३ पासून तेथील बारा गावांतील मुलांची श्वसनक्षमता वर्षानुवर्षे मोजण्यात आली आणि त्याबरोबरच त्या गावांतील हवाही मोजण्यात आली. येथे दोन्ही स्तंभ एकाच वहीत होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे अठराव्या वर्षी ज्यांची क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी राहिली अशा मुलांचे प्रमाण सूक्ष्म कणांनी सर्वांत दूषित गावात ७.९ टक्के, तर सर्वांत स्वच्छ गावात १.६ टक्के होते. त्यानंतर त्या भागातील हवा कायद्यांमुळे सुधारत गेली. २०१५ साली तीन पिढ्यांतील मुलांची तुलना झाली, तेव्हा हवा जसजशी स्वच्छ होत गेली तसतशी फुप्फुसांची वाढही अधिक झाली असे आढळले. पंधराव्या वर्षी उण्या राहिलेल्या मुलांचे प्रमाण ७.९ वरून ६.३ आणि नंतर ३.६ टक्क्यांवर आले. या संपूर्ण इतिहासात आशा वाटावी अशी ही सर्वांत मोठी गोष्ट होय.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. इंग्लंडमध्ये वार्धक्याविषयीच्या एका दीर्घकालीन पाहणीत वृद्ध स्त्री-पुरुषांकडून त्यांची जीवनकथा लिहून घेण्यात आली होती. कोठे जन्म झाला, बालपणी कोणते आजार झाले, हे तीत होते. भारद्वाज आणि सहकारी यांनी या नोंदी घेऊन १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये अर्भकावस्थेत असलेल्यांची तुलना त्या वेळी अन्यत्र असलेल्यांशी, तसेच आगेमागे जन्मलेल्यांशी केली. पहिल्या वर्षात ते धुरके श्वसलेल्यांत बालदम्याचे प्रमाण सुमारे २० टक्के-अंकांनी अधिक होते, असा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रौढपणीच्या दम्यातही वाढ दिसली, परंतु ती संख्याशास्त्राच्या कसोटीस तितकीशी उतरली नाही. १९५२ साली ज्यांच्याविषयी कोणी विचारले नाही त्यांनीच साठ वर्षांनी आपल्या आठवणीतून उत्तर दिले. स्मरणावरील पुरावा हा लिखित नोंदीइतका बळकट नसतो हे खरे. परंतु त्या पाच दिवसांतील अर्भकांची वही कोणी ठेवलीच नव्हती.

८

या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय? एक दुवा म्हैसूर येथील आहे. तेथील एका मिशन इस्पितळाने जन्मलेल्या बालकांचे वजन व मापे यांच्या नोंदी अनेक दशके जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे प्रौढ वयातील फुप्फुसांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि जन्मवजन कमी तसा श्वासही कमी, हे हर्टफर्डशायरचे सूत्र दक्षिण भारतातही प्रत्ययास आले. बार्कर यांच्या विचाराचा दुसरा धागा पुण्यापर्यंत येतो. पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून चालविला, त्याचा विषय पोषण व मधुमेह हा असला तरी गर्भावस्थेतील परिस्थिती पुढील आयुष्याशी जोडण्याची दृष्टी तीच आहे.

आपल्याकडे बालकाच्या वाट्यास येणारा पहिला धूर बहुधा कारखान्याचा नसतो. तो चुलीचा असतो. आईच्या कडेवर किंवा चुलीजवळच्या झोळीत मूल असते आणि लाकूड, गोवरी, तुराट्या यांचा धूर छपरापर्यंत भरलेला असतो. या धुराचा परिणाम तपासण्यासाठी ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली देऊन एक प्रयोग करण्यात आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत एकूण न्यूमोनियातील घट निःसंशय ठरली नाही. तीव्र न्यूमोनिया मात्र सुमारे एकतृतीयांशाने घटला. पुढे तमिळनाडूसह चार देशांतील घरांना गॅसची शेगडी देऊन झालेल्या मोठ्या प्रयोगात अर्भकांचा तीव्र न्यूमोनिया लक्षणीय प्रमाणात घटला नाही, असे २०२४ साली जाहीर झाले. या दुसऱ्या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु पहिल्या वर्षातील न्यूमोनिया हा एकच स्तंभ पाहून वही मिटता येत नाही, हेच तर हर्टफर्डशायरने शिकविले आहे. त्या मुलांची फुप्फुसे विसाव्या वर्षी कशी असतील, हे विसाव्या वर्षीच कळेल.

आणि अखेरीस शब्दांविषयी. आपल्या ग्रामीण स्त्रियांच्या बोलीत तान्ह्या मुलाच्या श्वासाच्या विकारांना नेमकी नावे आहेत. ‘पडसे’ हे नाकाचे. ‘डबा’ हा छातीचा. मुलाचे ‘पोट उडते’ आहे, त्याला ‘धाप’ लागली आहे, असे आजी म्हणते, तेव्हा ती वरच्या व खालच्या श्वसनमार्गाचा तोच भेद सांगत असते ज्यावर डग्लस आणि वॉलर यांचा सारा निष्कर्ष उभा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हा भेद गावातील कार्यकर्ते व निरक्षर दाया यांच्या हाती दिला. श्वास मोजण्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ बसविलेले साधे उपकरण त्यांनी तयार केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू, प्रयोग न झालेल्या गावांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी भरले. ज्या दाईस संख्या लिहिता येत नव्हती तिला डबा मात्र ओळखता येत होता, या गोष्टीवर त्या यशाचा मोठा भाग आधारलेला आहे.

त्या वेळी वाचलेली मुले आज प्रौढ आहेत. एथेल बर्नसाइड यांच्या वहीतील मुलांप्रमाणेच ती आजारी पडली, बरी झाली आणि पुढे गेली. त्यांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या लक्षावधी मुलांच्या बालपणाविषयी काही लिहिलेले असेल तर ते दाईच्या नोंदीत, अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तक्त्यात. त्या वह्या आज कोणास महत्त्वाच्या वाटत नाहीत. हर्टफर्डशायरच्याही वाटत नव्हत्या. इतिहासाच्या आणि भाषेच्या विभागांनी त्यांचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे. जुन्या नोंदी जपणे, त्यांतील स्थानिक शब्दांचा अर्थ त्या शब्द वापरणाऱ्या स्त्रियांकडून समजून घेऊन लिहून ठेवणे, आणि नव्या तक्त्यांत ‘डबा’ व ‘पडसे’ यांना एकाच ‘खोकला’ या सदरात कोंबले जाणार नाही याची आठवण संबंधितांस देणे, एवढे काम आपल्या आवाक्यातील आहे. त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. आणखी चाळीस वर्षांनी कोणी विचारील की आमच्या बालपणी आम्ही कसली हवा श्वसलो, आणि तिने आमचे काय केले. त्या वेळी त्यास केवळ आठवणीवर विसंबावे लागू नये.